कच्चा लिंबू नको, राज्य द्या : दिव्यांग मुलांचा खेळ आणि आपण आईबाप



संध्याकाळी गल्लीत पकडापकडी रंगात आलेली असते. उंबऱ्यावर सहा-सात वर्षांचं एक मूल बसलेलं असतं. पाय साथ देत नाहीत, बोलणं अडखळतं. पळणाऱ्या मुलांकडे पाहून ते टाळ्या वाजवतं. कुणी तरी म्हणतं, "यालाही घ्या रे, कच्चा लिंबू म्हणून." दोन मिनिटं त्याला घेतात, मग विसरतात. आई बाहेर येते, मुलाला उचलून आत नेते आणि हातात मोबाईल देते.

हे दृश्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. दिव्यांग मुलांच्या आईबापांशी खेळाबद्दल बोललं, की काही वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकू येतात. त्यामागे निर्दयपणा नसतो, कष्ट आणि भीती असते. म्हणून ती वाक्यं बाजूला न सारता एकेक करून पाहू.

"आधी चालू दे, बोलू दे. खेळ नंतर."

उपचार आणि खेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं आपण धरून चालतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे स्नायू ताठ असतात. हात वर न्यायचा, पायांवर भार घ्यायचा, असे व्यायाम फिजिओथेरपिस्ट सांगतात. घरी हात धरून ओढलं की मूल रडतं, आई दमते आणि महिन्याभरात व्यायाम बंद पडतो. तेच मूल खाटेला धरून उभं राहिलं आणि समोरच्या आरशावर टिकल्या चिकटवू लागलं, तर हातही वर जातो, पायांवर भारही येतो आणि रडणं नसतं. पीठ मळताना त्यातला एक गोळा त्याच्या हाती दिला, तर बोटांना काम मिळतं. कोणती हालचाल हवी ते थेरपिस्टला विचारा, मग तिचा खेळ करा.

बोलण्याचंही तसंच. पदराआड तोंड लपवून "भॉ" करा आणि थांबा. मनात दहा आकडे मोजा. मूल हसेल, हात हलवेल, आवाज काढेल. ते त्याचं उत्तर आहे. एकदा तू, एकदा मी, ही पाळी म्हणजे संभाषणाची सुरुवातच असते.

"त्याला काय कळतंय?"

भिक्खू चूळपंथकाची कथा विहारात आपण ऐकली असेल. चार महिने प्रयत्न करूनही त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या थोरल्या भावानेच त्याला संघातून परत जायला सांगितलं. तथागतांनी मात्र त्याच्या हाती स्वच्छ पांढरं फडकं दिलं आणि ते हाताने चोळत राहायला सांगितलं. फडकं मळत गेलं आणि त्यातून त्याला अनित्यता उमगली. जे पाठांतराने होईना, ते हातातल्या कामाने झालं. आपल्या मुलाची शिकण्याची वाट कानांची आहे, डोळ्यांची की स्पर्शाची, हे खेळताना त्याच्याकडे पाहिलं तरच कळतं.

"लोक बघतात, हसतात."

हे दुःख खरं आहे. काही जण तर "गेल्या जन्माचं पाप" असंही बोलून जातात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली आहे. वैद्यकशास्त्र जी कारणं सांगतं ती अशी : वेळेआधी जन्म, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडणं, नवजात बाळाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, जनुकांतला बदल. कित्येकदा कारण सापडतही नाही. आईच्या पापाला यात कुठेही जागा नाही.

आणखी एक आठवण ठेवू. लहानग्या भीमरावाला शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागत होतं. बाजूला बसवलं जाणं म्हणजे काय, हे आपल्या समाजाला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. मग आपल्याच गल्लीत आपलंच मूल बाजूला का बसावं?

"पडलं, लागलं तर?"

भीती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहेत. पुढील काळजी घ्या.

• मूल वस्तू तोंडात घालत असेल, तर वय काहीही असो, गोट्या, चिंचोके, मणी, बटणं, घड्याळाचे सेल जवळ ठेवू नका.
• बसताना तोल जात असेल, तर भिंतीच्या कोपऱ्यात बसवा आणि दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या चादरी लावा.
• आकडी येणाऱ्या मुलाला पाण्याजवळ, गच्चीवर एकटं सोडू नका. आकडी आलीच तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, तर लगेच रुग्णालयात न्या.
• डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउड्या मारू देऊ नका. त्यांच्या मानेचा सांधा सैल असू शकतो.

एवढं सांभाळल्यावर गुडघा खरचटला, तर ते इतर मुलांसारखंच खरचटणं समजा.

"आम्हाला वेळ कुठे आहे?"

धुणीभांडी, नाक्यावरचं काम, पाण्याची रांग, आणि दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं. अशा घराला रोज तासभर खेळा असं सांगणं योग्य नाही. जे काम करतोच, त्यातच खेळ घाला. आंघोळीला दोन डबे द्या, पाणी ओतू दे. डाळ निवडताना वाटी वाजवू दे. धुतलेल्या कपड्यांतून बाबांचा शर्ट शोधू दे. आणि हे काम एकट्या आईचं नाही. वडिलांनी रात्री दहा मिनिटं जमिनीवर बसावं. भावंडांनाही खेळात घ्या, पण त्यांच्यावर रोजचा पहारा लादू नका.

मोबाईल दिला की आईला हात मोकळे मिळतात, हे समजण्यासारखं आहे. पण मोबाईल मुलाच्या उत्तराची वाट पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे, की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून अधिक नको.

राज्य कसं द्यायचं?

कच्चा लिंबू कधी बाद होत नाही, कारण तो मुळात मोजलाच जात नाही. मुलाला खरं राज्य द्यायचं, तर नियम बदलावा लागतो. पकडापकडी सगळ्यांनीच बसून, सरपटत खेळावी. दिसत नसेल, तर चेंडूऐवजी आत घुंगरू घालून झाकण पक्कं लावलेला डबा घरंगळवावा. ऐकू येत नसेल, तर शिट्टीऐवजी रुमाल हलवावा. गोंगाट सहन होत नसेल, तर आधी एकाच सवंगड्याबरोबर खेळावं. नियम काय ठेवायचा हे मुलांनाच विचारा. त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर सुचतं. आणि आपलं मूल हरलं, तर हरू द्या. हरणं हेही मोजलं जाणंच आहे.

प्रत्येक आईबापाच्या मनात एक प्रश्न रात्री जागा असतो : आम्ही गेल्यावर याचं काय? पाळीची वाट पाहणं, हवं ते मागणं, नको ते ठामपणे नाकारणं, मित्र जोडणं, हे सगळं त्या दिवसासाठी लागतं. मूल ते खेळातच शिकतं.

हक्क माहीत असू द्या

बालहक्क संहिता १९८९ ची, भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. तिच्या ३१व्या कलमात खेळ हा प्रत्येक मुलाचा हक्क मानला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांनी दिव्यांग मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने दिली पाहिजे. पी.टी.च्या तासाला मुलाला वर्गात बसवून ठेवत असतील, तर मुख्याध्यापकांना लेखी विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंत मोफत तपासणी होते. पथक अंगणवाडीत कधी येणार, ते सेविकाताईंना विचारून ठेवा. पुढच्या उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा.

विहारात वाचून चर्चा करा

१. आपल्या गल्लीतली कोणती मुलं संध्याकाळी घरातच असतात?
२. रविवारच्या धम्मवर्गानंतर अर्धा तास सगळ्या मुलांच्या खेळासाठी देता येईल का? विहाराच्या पायऱ्यांपाशी उतार करता येईल का?
३. येत्या भीमजयंतीच्या क्रीडास्पर्धांत या मुलांना कुठे घेता येईल? टाळ्या वाजवायला नव्हे, खेळायला.

उद्या संध्याकाळी उंबऱ्यावरच्या त्या मुलाला आत नेण्याआधी गल्लीतल्या पोरांना एकदा हाक मारा आणि सांगा, आज राज्य याच्यावर आहे.

जय भीम.