थंडी सोसते, ओल सोसत नाही

कुंडीतले निवडुंग आणि सक्युलंट हिवाळ्यात दगावले की दोष थंडीच्या माथी मारला जातो. पण बहुतेक झाडांचा घात करते ती थंडीच्या दिवसांत कुंडीत मुरून राहिलेली ओल. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० ते १२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, काही रात्री त्याहूनही खाली जातो. अशा गारव्यात मुळांचे काम मंदावते. मातीतले पाणी झाड ओढून घेत नाही आणि कोवळ्या उन्हात ते लवकर उडूनही जात नाही. एप्रिलमध्ये दोन दिवसांत सुकणारी कुंडी जानेवारीत आठवडाभर ओली राहू शकते. मुळांना हवा मिळेनाशी होते आणि पिथियम, फायटोप्थोरा, फ्युजेरियम यांसारख्या रोगकारकांना आयते रान मिळते. तुळशीला आणि गुलाबाला घालता घालता त्याच झारीतले पाणी रोज निवडुंगालाही मिळत राहिले, तर संक्रांतीच्या आसपास झाड बसते, असा अनुभव अनेक घरांत येतो.

या झाडांना इतके कमी पाणी का पुरते, हे त्यांची पर्णरंध्रे उघडण्याच्या वेळांवरून कळते. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात. निवडुंग आणि बरेचसे सक्युलंट ती रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून, उन्हाच्या बळावर त्यापासून अन्न तयार करतात. त्यामुळे बाष्पावाटे पाणी फार कमी जाते. त्यातून खोडात किंवा पानात साठा असतोच. वाढ थांबलेल्या दिवसांत हा साठा झाडाला सहज पुरतो. शिवाय साठा थोडा आटला की पेशीरस दाट होतो आणि झाडाची थंडी सोसण्याची ताकद वाढते.

मात्र ऑक्टोबर ते मार्च पाणी पूर्ण बंद ठेवावे, हा परदेशी पुस्तकांतला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तो युरोपातल्या काचघरांसाठी लिहिलेला आहे. तिथे दिवस अगदी लहान, ऊन क्षीण आणि तापमान दिवसाही १० अंशांच्या आसपास असते. पुण्यात जानेवारीतही दुपारी पारा २८ ते ३० अंशांवर जातो आणि हवा कोरडी असते. चार इंची कुंडीतल्या लहान रोपाला पाच महिने थेंबभरही पाणी मिळाले नाही, तर त्याची बारीक मुळे वाळून जातात आणि उन्हाळ्यात पाणी दिले तरी ते ओढून घ्यायला मुळेच उरत नाहीत. मुंबई, कोकण आणि गोव्यात रात्री बहुधा १५ अंशांच्या वरच राहतात, तेव्हा तिथे विश्रांती नावापुरती असते. निफाडसारख्या ठिकाणी पारा पाच अंशांपर्यंत घसरतो आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात. तिथे कुंड्या छपराखाली घेणेच शहाणपणाचे.

पाणी ठरवण्यापूर्वी कोणते झाड झोपलेले आहे आणि कोणते जागे, हे ओळखावे लागते. मॅमिलारिया, इकिनोप्सिस, जिम्नोकॅलिशियम, फेरोकॅक्टस हे गोल निवडुंग थंडीत विश्रांती घेतात. मॅमिलारिया आणि इकिनोप्सिस यांच्या अनेक जातींत हा थंड, कोरडा काळ नीट मिळाला तरच उन्हाळ्याच्या तोंडाला भरघोस कळ्या धरतात. अडेनियमची पाने पिवळी पडून गळतात. हा रोग नाही आणि त्यावर पाण्याचा उतारा तर मुळीच नाही. बुडाचे फुगीर खोड दाबून टणक लागले, तर झाड ठीक आहे. हॅवर्थिया, कोरफडीच्या कुळातल्या अनेक जाती आणि जेड मात्र या हवेत खुशीत असतात. जेडची जुनी झाडे तर याच दिवसांत फुलतात. कलांचो आणि ख्रिसमस कॅक्टस यांना लांब रात्रींमुळे कळ्या येतात. रात्रभर दिवा जळणाऱ्या बाल्कनीत त्यांचा बहर लांबणीवर पडतो. कळ्या धरल्यावर त्यांची माती अगदी कोरडीठाक होऊ देऊ नये, नाहीतर कळ्या गळतात.

लिथॉप्सचा हिशेब सर्वांत वेगळा. हिवाळ्यात त्याच्या जुन्या दोन पानांच्या आत नवी जोडी वाढत असते आणि ती जुन्या पानांतलेच पाणी शोषून घेते. या काळात पाणी घातले तर जुनी पाने आटत नाहीत, नवी कोंडली जातात आणि झाड फुटते किंवा कुजते. जुनी पाने कागदासारखी वाळेपर्यंत झारी दूर ठेवावी. लाल-पिवळ्या डोक्याचा कलमी निवडुंग आणि मेलोकॅक्टस हे उष्ण हवेचे आहेत. पारा १० अंशांखाली जाणार असेल तर ते घरात घ्यावेत.

विश्रांतीतल्या निवडुंगाला साधारण तीन ते चार आठवड्यांनी एकदा, जागत्या सक्युलंटला दहा ते पंधरा दिवसांनी एकदा, हा पुण्याच्या हवेचा ढोबळ ठोकताळा. पण पाणी तारखेवर नव्हे, मातीवर ठरवावे. उदबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी बाहेर काढावी. काडीला माती चिकटली किंवा ती बोटांना गार लागली, तर थांबावे. वरची माती पांढरी पडलेली असताना तळाशी ओल असणे थंडीत नेहमीचेच आहे. नर्सरीतून नुसत्या कोकोपीटमध्ये आलेल्या रोपांत ते हमखास दिसते. पाणी उन्हाच्या दिवशी सकाळी, मातीलगत द्यावे. इकेव्हेरियाच्या पानांच्या मधल्या खळग्यात पाणी साचू देऊ नये. कुंडीखालची ताटली थंडीत काढून ठेवावी. खत बंद ठेवावे. कुंडी बदलणे फेब्रुवारीअखेरपर्यंत लांबणीवर टाकावे.

थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो. पुण्यात २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीलाही तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येते आणि उत्तरेची बाल्कनी दिवसभर सावलीत राहते. उत्तरेकडच्या कुंड्या या चार महिन्यांसाठी हलवाव्यात, नाहीतर शेंडा निमुळता आणि फिका वाढतो आणि तो आकार पुढे सुधारत नाही. गच्चीवरच्या कुंड्यांना अवकाळी पावसाचे भय असते. नोव्हेंबर-डिसेंबरातली एक सर आणि पाठोपाठ थंड रात्री, हा सर्वांत घातक योग. ढग दाटताच कुंड्या आडोशाला घ्याव्यात.

एवढे करूनही एखादे झाड कुजू लागते. गोल निवडुंगाचा मातीलगतचा भाग आधी पिवळट, मग पाणथळ तपकिरी होतो. बोटाने दाबले की साल आत जाते आणि आंबूस वास येतो. अशा वेळी झाड लगेच उपटून, स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने कुजका भाग कापावा. कापलेल्या तोंडाच्या मध्यभागी रसवाहिन्यांचे फिकट वर्तुळ दिसते. त्यात तांबूस ठिपका असेल, तर कूज वर चढलेली आहे. सुरी पुन्हा पुसून आणखी एक चकती काढावी आणि वर्तुळ पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहावे. मग गंधकाची भुकटी लावून तो तुकडा वाऱ्याच्या, सावलीच्या जागी ठेवावा. थंडीत खपली धरायला दोन-तीन आठवडेही लागतात. त्याआधी मातीत लावण्याची घाई केली, तर वाचलेला भागही जातो.

सुरकुत्या मात्र घाबरण्यासारख्या नसतात. विश्रांतीतला निवडुंग किंचित आक्रसतो आणि उन्हाळ्यात पुन्हा भरतो. पानांच्या कडांवर चढलेली लाली हीदेखील थंडी-उन्हाची स्वाभाविक खूण आहे. काळजी करावी ती पान पारदर्शक होऊन हात लावताच गळू लागले तर. काट्यांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण आहे. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने संध्याकाळी एकेक पुंजका टिपून घ्यावा. इकेव्हेरियाच्या पानांवरची पांढुरकी भुकटी मात्र त्यांचे संरक्षक मेण असते. ती पुसू नये.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात रात्री उबदार होऊ लागल्या आणि शेंड्याशी नवे, ताज्या रंगाचे काटे दिसले की विश्रांती संपली. पहिले पाणी कुंडीची वरची माती भिजण्यापुरतेच द्यावे आणि आठवड्याने भरपूर द्यावे. सावलीतून आणलेल्या झाडांना पंधरा दिवस सकाळचेच ऊन दाखवावे. एकदम मार्चच्या दुपारी ठेवली तर त्यांच्या अंगावर भाजल्याचे पांढरट डाग पडतात आणि ते कायमचे राहतात. कुंडी बदलायला आणि हलके खत द्यायला हाच योग्य काळ आहे.