लघवी तपासा, चालचलन नको

बदनापुरात पुरुषाला लघवीला जळजळ झाली की त्याला दोनच निदानं मिळतात, मुतखडा नाहीतर भानगड. मला दोन्ही मिळाली.

आधी उन्हाळी लागली म्हणून घरी धने-पाणी, सब्जा झाला. मग चड्डीला चिकट पिवळसर डाग दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, खडा. सोनोग्राफीत खडा निघाला नाही, तेव्हा त्यांनी कारण बदललं. तपासणी तेवढी केली नाही. दार सताड उघडं, बाहेर बाकावर बायकोचा मावसभाऊ, आणि डॉक्टर मोठ्यानं विचारतात, "बाहेर कुठं जाणं-येणं आहे का?" मी नाही म्हणालो, तर कंपाउंडर गालात हसला. संध्याकाळी सासूबाईंचा फोन. बायको बोलायची बंद झाली. माझ्या दुकानात तुरीचं बियाणं घ्यायला आलेली माणसंसुद्धा तब्येत विचारताना नको तिथं बघायची.

शेवटी संभाजीनगरला मूत्रविकारतज्ज्ञ गाठले. त्यांनी दार लावलं आणि पहिलाच प्रश्न केला, "एवढ्यात लघवीची नळी घातली होती का?" घातली होती की! हर्नियाच्या ऑपरेशनला. ती फाईल बदनापूरच्या टेबलावर मी स्वतः ठेवली होती, कुणी उघडली नाही. रिपोर्टात परम्याचे (गनोरियाचे) जंतू नाहीत, क्लॅमिडियाही नाही. नळीवाटे गेलेले ई. कोलाय निघाले. त्यांना लागू पडणारी गोळी दिली आणि जळजळ थांबली. तो कागद मी मावसभावाला मुद्दाम वाचायला दिला.

आता कामाचं.

नमुना देण्याआधी मेडिकलवाल्याच्या गोळ्या खाऊ नका. अँटिबायोटिक पोटात असलं की कल्चर कोरं येऊ शकतं. मूत्रनळीचा दाह तपासायचा तर लघवीची पहिली धार लागते आणि त्याआधी तास-दोन तास लघवी रोखावी लागते. मूत्राशयाच्या कल्चरला मधली धार. लॅबवाला सगळ्यांना मधलीच सांगतो, म्हणून चिठ्ठीवर काय लिहिलंय ते विचारून घ्या.

कारणं बरीच असतात. संबंधातून होणारा परमा साधारण 2 ते 7 दिवसांत दिसतो, त्यात पू जास्त. क्लॅमिडिया 1 ते 3 आठवडे घेतो आणि कित्येकांना कळतही नाही. मायकोप्लाझ्मा, ट्रायकोमोनास हेही आहेत. नळी, मार, एखाद्या साबणाची किंवा रसायनाची आग, यानंही दाह होतो. प्रत्येकाचं औषध वेगळं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला परम्याचे जंतू आपल्याकडे केव्हाच सरावलेत, तरी ती गोळी काउंटरवरून सर्रास मिळते.

माझं कारण नळीचं निघालं म्हणून मी ताठ मानेनं लिहितोय. ज्याचं संबंधातून आलं असेल त्यानं काय करायचं? त्यालाही औषधच लागतं, प्रवचन नाही. जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असतं, तिथं उपचार फुकट. तिथं औषधांचं राखाडी किट देतात, त्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम आणि सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम, एकाच वेळी घ्यायचं, तेही त्यांनी तपासून दिल्यावर. एचआयव्ही आणि गरमीची (सिफिलिसची) तपासणी सोबतच करून घ्या. 1097 वर फोन केला तर नाव न सांगता विचारता येतं. जोडीदारावरही उपचार झाले पाहिजेत, नाहीतर तेच दुखणं फिरून येतं. उपचारानंतर 7 दिवस संबंध नकोत.

अंडकोष सुजला, ताप आला तर त्याच दिवशी जा. लघवी अडली तर तासही घालवू नका. दुर्लक्ष केलं तर मूत्रनळी आकसू शकते.

पाणी भरपूर प्या, वगैरे सगळे सांगतातच.

आणि तपासायच्या खोलीत शिरलात की "दार लावून घ्या" म्हणायला लाजू नका. फी आपण मोजलेली असते, बाकावरच्यांनी नाही.