केडगावची माउली

इ. स. १८९६ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. माणसे अन्नाच्या शोधात रस्त्याला लागली. ही वार्ता पुण्यास शारदासदनात पंडिता रमाबाईंच्या कानी पडली. भूक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. त्यांचे आईवडील व थोरली बहीण दुष्काळातच गेली होती. पुढे झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी व त्यांच्या भावाने खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या होत्या!

रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणून अनेक स्नेही दुरावले होते. ख्रिस्ताच्या प्रेमावर व्याख्यान देणे त्यांना कठीण नव्हते. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली होती. परंतु त्या व्याख्यान देत बसल्या नाहीत. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, रोगजर्जर मुलींना व निराधार विधवांना घेऊन आल्या.

पुण्यात प्लेगची साथ होती. नव्या मुलींना शहरात ठेवण्यास सरकारची मनाई झाली. तेव्हा केडगाव येथील आपल्या शेतजमिनीवर त्यांनी तात्पुरता निवारा उभारला. तेच पुढे ‘मुक्तिसदन’ झाले. मुली तेथे विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचता यावे म्हणून रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी त्यांना ब्रेल लिपी शिकवली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथील शेकडो मुलींसाठीही सदनाचे दार उघडले.