लढाऊ विमान आणि तोफ

ज्वारीचे कणीस भरू लागले म्हणजे वाशीमकडील शेतांत मचाणे उभी राहत. मचाणावरचा राखणदार गोफणीने दूरची पाखरे हुसकावून लावी. परंतु गोफण आहे म्हणून काठी घरी ठेवून येत नसे. रानडुक्कर अगदी जवळ आले, तर गोफण फिरविण्यास अवसर कोठून मिळणार? लढाऊ विमाने बांधणाऱ्यांपुढेही असाच प्रश्न उभा राहिला.

१९५० नंतरच्या दशकात विमानांवर क्षेपणास्त्रे आली. शत्रूच्या इंजिनाच्या उष्णतेचा माग काढीत ती त्याच्यावर जाऊन आदळत. तेव्हा अनेक तज्ज्ञांना वाटले, की तोफेचे दिवस संपले. मग तिचे ओझे विमानाने व्यर्थ का वाहावे? अमेरिकेचे फँटम विमान म्हणूनच प्रथम तोफेवाचून बांधले गेले. नाशिकजवळ ओझर येथील कारखान्यात तयार झालेल्या मिग-२१ एफएल विमानातही अंगची तोफ नव्हती.

अनुभव मात्र निराळा आला. त्या काळची क्षेपणास्त्रे बहुधा शत्रूच्या पाठीमागूनच सोडावी लागत. सूर्याच्या उष्णतेने ती भुलत आणि शत्रू फार जवळ असला, तर निरुपयोगी ठरत. व्हिएतनामच्या युद्धात हे उणेपण वैमानिकांना भोवले. पुढे १९६७ सालच्या नव्या फँटममध्ये तोफ बसविण्यात आली. भारतीय वायुसेनेनेही मिगच्या पोटाखाली २३ मिलिमीटरची दोन नळ्यांची तोफ टांगली. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी पाकिस्तानचे एफ-१०४ विमान पाडले, ते या तोफेनेच.

तरीही तोफेविरुद्धचा पक्ष दुबळा नाही. आजची क्षेपणास्त्रे कित्येक कोसांवरील शत्रूला गाठतात. सुखोई-३० विमानाच्या तोफेजवळ गोळे असतात १५० आणि ती मिनिटाला सुमारे १५०० गोळे सोडते. म्हणजे सहा सेकंदांत भाता रिकामा! शिवाय तोफेच्या टप्प्यात शिरणे म्हणजे वैमानिकाने आपलाही जीव धोक्यात घालणे होय. अमेरिकेच्या एफ-३५ विमानाच्या तीन प्रकारांपैकी एकातच अंगची तोफ आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, की क्षेपणास्त्रे थोडी असतात व ती संपतात. त्यांना फसविताही येते. तोफेच्या गोळ्याला फसविता येत नाही. आणखी एक गोष्ट मोलाची आहे. एखादे विमान चुकून सीमेच्या आत शिरले, तर क्षेपणास्त्र त्याचा केवळ संहार करू शकते. तोफेचे गोळे बाजूने सोडून त्यास इशारा देता येतो. अशा वेळी तोफ प्राण घेत नाही, वाचविते.

ओझर येथे तयार झालेल्या सुखोईत तोफ आहे. २०२५ साली तेथून प्रथम उडालेल्या तेजस विमानाच्या जातीतही ती राखली आहे. शस्त्र जुने झाले म्हणून टाकू नये आणि जुने आहे म्हणून कवटाळूही नये. त्याचे काम उरले आहे काय, हे अनुभवाला विचारावे.

स्वाध्याय
१. फँटम विमान प्रथम तोफेवाचून का बांधले गेले?
२. 'तोफ प्राण घेत नाही, वाचविते' असे का म्हटले आहे?
३. तोफ ठेवावी की काढावी? आपले मत कारणांसह लिहा.