मूत्राशयाचा कर्करोग : अहवालातील प्रथिने काय सांगतात?

लघवीतून लाल रक्त जाते, पण दुखत काहीच नाही. दोन दिवसांनी रक्त आपोआप थांबते. 'उष्णता झाली असेल' असे म्हणून घरातली मंडळी सब्जाचे पाणी देतात आणि गोष्ट विसरली जाते. मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण बहुधा हेच असते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना या रोगाचा धोका इतरांपेक्षा सुमारे तिप्पट असतो.

मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात व तुकडे तपासणीला पाठवतात. अहवाल हाती येतो तेव्हा त्यात 'पी-५३ पॉझिटिव्ह', 'केआय-६७ : ४० टक्के' असे शब्द दिसतात आणि नातेवाईक घाबरून जातात.

ही पेशींतील प्रथिनांची नावे आहेत. विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड तुकड्याच्या पातळ कापावर टाकतात. ते प्रथिन असेल तेथे सूक्ष्मदर्शकाखाली सहसा तपकिरी रंग दिसतो.

पी-५३ हा पेशीचा पहारेकरी. जनुकांत बिघाड दिसला की तो पेशीची वाढ थांबवतो. पहारेकरीच बिघडला तर निकामी प्रथिन पेशीकेंद्रात साचते व रंग गडद येतो. कधी उलट ते पूर्ण नाहीसे होते. दोन्ही खुणा बहुधा आक्रमक गाठीत आढळतात.

केआय-६७ विभाजनाच्या मार्गावर असलेल्या पेशींतच दिसते. ४० टक्के म्हणजे शरीरात ४० टक्के कर्करोग पसरला असे नव्हे. गाठीतील शंभरापैकी चाळीस पेशी वाढीच्या चक्रात आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आकडा मोठा असेल तर गाठ पुन्हा होण्याची शक्यता अधिक धरतात.

हर-२ या प्रथिनाचा संबंध थेट औषधाशी आहे. रोग पसरला असेल, आधीचे उपचार लागू पडत नसतील आणि हर-२ भरपूर असेल, तर त्यावर नेम धरणारे औषध देण्यास अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

तरीही उपचाराची दिशा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : पेशींची प्रत आणि गाठीची खोली. चारांपैकी सुमारे तीन रुग्णांत रोग स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. अशांची गाठ खरवडून काढतात व धोका जास्त असल्यास मूत्राशयात बीसीजी सोडतात. क्षयाच्या या लशीचा असा उपयोग कॅनडातील डॉ. मोरालेस यांनी १९७६ साली प्रसिद्ध केला. रोग स्नायूत शिरला असेल तर मूत्राशय काढणे किंवा किरणोपचार व केमोथेरपी यांचा विचार करावा लागतो. प्रथिने या निर्णयाला पूरक साक्ष देतात. केवळ त्यांच्या आकड्यांवरून निर्णय होत नाही.

म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. गाठ कोणत्या प्रतीची आहे? तुकड्यात स्नायू आला होता का, आणि रोग त्यात शिरला आहे का? दुर्बिणीने पुन्हा तपासणी केव्हा करायची? स्नायू आलाच नसेल तर खोली नक्की कळत नाही व अनेकदा पुन्हा खरवडून तपासावे लागते.

मोठ्या शहरात दुसरे मत घ्यायचे असल्यास केवळ अहवाल नेऊ नये. तुकड्यांचे मेणाचे ठोकळे व काचपट्ट्याही मागून न्याव्यात. पुढील प्रथिन-तपासण्या त्यांवरच होतात.

आणि लघवीत एकदा जरी रक्त दिसले, तरी ते थांबले म्हणून निर्धास्त राहू नये. डॉक्टरांना दाखवावेच.