एका टेबलावर चौघे : बेकरी, इराणी आणि खानावळीतून शिकण्याचा एक परिसर-पाठ



'मित्रांसोबत हॉटेलात घालवलेली संध्याकाळ' असा विषय सातवी-आठवीच्या वर्गात निबंधाला दिला, की चाळीस वह्यांत साधारण एकच निबंध येतो. आम्ही गेलो, ऑर्डर दिली, पदार्थ चविष्ट होता, खूप मजा आली, घरी परतलो. मुलं खोटं लिहीत नाहीत. पण नीट बघण्याची सवय नसली, की लिहायलाही काही हाती लागत नाही. म्हणून निबंध बाजूला ठेवून याच विषयाचा एक परिसर-पाठ कसा घेता येतो, ते इथे मांडते आहे. उदाहरणं मुख्यतः पुण्या-मुंबईची आहेत, पण पाठ कुठल्याही तालुक्याच्या गावी जमण्यासारखा आहे. बेकरी आणि चहाचं दुकान नाही असं गाव विरळाच.

पाठाचं स्वरूप
इयत्ता : ७ वी / ८ वी
जोडलेले विषय : मराठी, गणित, विज्ञान, नागरिकशास्त्र
कालावधी : चार तासिका आणि एक शनिवार सकाळ
गट : चार-चार मुलांचे, प्रत्येक गटाबरोबर एक पालक किंवा शिक्षक
साहित्य : वही, पेन, एक जुनं हॉटेलचं बिल, थोडं यीस्ट

तासिका १ : पाट्या वाचूया

पहिल्या तासाला मुलांना शाळेकडे येताना दिसणाऱ्या खाण्याच्या ठिकाणांच्या पाट्या उतरवून आणायला सांगा. फळ्यावर यादी होते तेव्हा गंमत दिसते. टपरी, अमृततुल्य, स्नॅक्स सेंटर, उपाहारगृह, खानावळ, भोजनालय, डायनिंग हॉल, ढाबा, कॅफे. सगळीकडे खायलाच मिळतं, मग नावं इतकी वेगळी का? आपण 'हॉटेलात जाऊ' म्हणतो ते खायला. राहायला जायचं असेल तर म्हणतो 'लॉज'. इंग्रजीत 'हॉटेल'चा अर्थ बरोबर उलटा. शब्द उसना घेतला, तरी त्याचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावला.

यानंतर एकेका नावामागची माणसं सांगायची.

*इराणी* : एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणच्या यझ्द, केरमान या भागांतून बरेच लोक मुंबईला आणि पुढे पुण्याला आले. त्यांत झरतुष्ट्री होते, तसे मुसलमानही होते. चहा, बनमस्का, ब्रून, ऑम्लेट आणि संगमरवरी टेबलं ही त्यांच्या हॉटेलांची ओळख. मुंबईचं कयानी अँड कंपनी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. पुण्यात डेक्कनवरचं गुडलक १९३५ चं आणि लष्कर भागातली, श्रूजबेरी बिस्किटांसाठी प्रसिद्ध असलेली कयानी बेकरी १९५५ ची.

*उडपी* : कर्नाटकच्या किनारपट्टीवरून आलेल्या लोकांनी इडली-डोसा महाराष्ट्राच्या रोजच्या खाण्यात आणला. माटुंग्याचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून आहे. 'बोर्डिंग' या शब्दातच घर सोडून नोकरीला आलेला माणूस दिसतो.

*खानावळ* : ही तर आपल्या गिरणगावची कहाणी. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार महिन्याच्या हिशोबाने एखाद्या बाईकडे जेवायचे. शेकडो बायकांनी या डब्यांवर घर चालवलं, पण किराण्यासाठी त्या सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, आणि या खानावळवाल्या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी झाली.

म्हणजे काय, तर पाटी वाचली की गावात कोण, कुठून आणि का आलं, ते कळायला लागतं.

तासिका २ : बेकरी म्हणजे प्रयोगशाळा

'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. गोव्यात पाववाल्याला 'पोदेर' म्हणतात, तोही पोर्तुगीजच शब्द. उंडो, पोई, बांगडीसारखा काकण हे त्याचे प्रकार. सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात लुसिओ रॉड्रिग्ज यांचा गोव्याच्या बेकरीवाल्यावर पाठ आहे. घरात दहावीचं भावंड असेल तर मुलांना तो मागून आणायला सांगा. भाषेचं एक कोडंही घाला : बेकरीत मिळणाऱ्या 'बटर'मध्ये आणि पावाला लावायच्या 'बटर'मध्ये फरक काय? (मुलं हसतात, मग व्याख्या करायला बसतात आणि तिथे अडतात. आपल्याला तेच हवं असतं.)

विज्ञानासाठी सोपा प्रयोग : दोन बाटल्यांत कोमट पाणी आणि यीस्ट घ्या. एकीत दोन चमचे साखर घाला, दुसरीत घालू नका. दोन्ही तोंडांवर फुगे बसवा. साखरेच्या बाटलीवरचा फुगा अर्ध्या-पाऊण तासात उभा राहतो. यीस्ट हा एकपेशीय सजीव. तो साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतो. मैद्याच्या कणकेत ग्लूटेनची लवचिक जाळी असते, तिच्यात हा वायू अडकतो आणि पाव फुगतो. भट्टीत गेल्यावर यीस्ट मरतं, पण तयार झालेली जाळी तशीच कडक होते. पाव कापल्यावर दिसणारी भोकं ती हीच. तिसरी बाटली उकळत्या पाण्याची करून पाहा. तो फुगा का उठला नाही, हे मुलांनाच सांगू द्या.

बेकरीत गेल्यावर विचारायचे प्रश्न आधी ठरवून न्यायचे. कणीक किती वाजता मळता? भट्टी लाकडावर की गॅसवर? एका पोत्यात लाद्या किती निघतात? उरलेल्या पावाचं काय करता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा 'टोस्ट' असतं, आणि काटकसर हा शब्द फळ्यावर न लिहिताही समजतो.

वरच्या वर्गासाठी एक चर्चा : मुंबईच्या हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. भट्टी बदलायला पैसा लागतो. शेजारच्या इमारतीतल्या दम्याच्या मुलाला श्वास लागतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. अर्ध्या वर्गाला बेकरीवाल्याची बाजू द्या, अर्ध्याला शेजाऱ्याची, आणि दहा मिनिटांनी बाजू बदला.

तासिका ३ : टेबलावर कोण कोण बसतं?

या पाठाचा गाभा इथे आहे, म्हणून ही तासिका गाळू नका.

चार मित्र एका टेबलावर बसून एकाच बशीतली भजी खातात, यात मुलांना काहीच विशेष वाटत नाही. छान आहे. पण त्यांच्या पणजोबांच्या काळात हे चौघे कदाचित एका टेबलावर बसूच शकले नसते. एकाला बाहेर थांबवलं असतं आणि त्याची कपबशी वेगळी, कोनाड्यात ठेवलेली असती. महाडला १९२७ मध्ये सार्वजनिक तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे मुलांना पाठ असतं. तोच प्रश्न हॉटेलच्या कपबशीचाही होता, हे मात्र सुचत नाही.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कुणालाही अडवता येत नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने हॉटेलात प्रवेश किंवा भांडी नाकारणं गुन्हा ठरवलं. सातवीला मूलभूत हक्क शिकवताना आपण व्याख्या लिहून देतो. त्याऐवजी विचारा, "घटना लिहिणाऱ्यांना हॉटेलचं नाव लिहायची गरज का वाटली असेल?" वर्ग थोडा वेळ गप्प बसतो. ती शांतता लगेच भरून काढू नका.

मग आजचे प्रश्न येतात, आणि ते मुलंच आणतात. कुणाच्या घरी बाहेरचं चालत नाही. कुणी अंडं खात नाही, कुणी मांसाहार करतो. टेबल एकच असलं तरी बश्या वेगळ्या असू शकतात. दुसऱ्याच्या बशीकडे बघून "शी!" म्हणायचं नाही, एवढा एकच नियम पुरतो.

तासिका ४ : बिल वाचूया, आणि वाटूया

फळ्यावर हे बिल लिहा :

मिसळ २ × ९० = १८०
बनमस्का २ × ४० = ८०
चहा ४ × १५ = ६०
एकूण ३२०
केंद्रीय जीएसटी २.५ टक्के = ८
राज्य जीएसटी २.५ टक्के = ८
देय रक्कम ३३६ रुपये

साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के असतो, निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. छोट्या टपरीच्या बिलात तो नसतो आणि कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक शोधायला लावा. 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आता खरं गणित. चौघांत वाटणी किती? सगळे ओरडतात, "चौऱ्याऐंशी!" मग सांगायचं की चौघांपैकी एकाने फक्त चहा घेतला. त्याचा वाटा करासह १५.७५ रुपये होतो आणि उरलेले ३२०.२५ तिघांत वाटले तर प्रत्येकी १०६.७५. एका वाटणीत त्याला ८४ द्यावे लागतात, दुसरीत १५.७५. बरोबर कोणती?

माझ्या वर्गात यावर जोरात वाद झाला. कुणी म्हणालं, मैत्रीत समान वाटायचं. कुणी म्हणालं, ज्याने खाल्लं त्याने द्यावं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, त्याला भूक नव्हती की त्याच्याकडे वीसच रुपये होते?" गणिताच्या पुस्तकात हा प्रश्न नसतो. पण हॉटेलात जायचं ठरलं की "माझं पोट दुखतंय, मी नाही येत" म्हणणारं मूल प्रत्येक वर्गात असतं, आणि दर वेळी दुखतं ते पोटच असतं असं नाही. शेवटी मुलांनीच ठरवलं : जायच्या आधी खिशात सगळ्यात कमी पैसे असणाऱ्याला झेपेल असं ठिकाण निवडायचं, आणि ते कोण हे विचारायचंच नाही. चिठ्ठीवर नाव न घालता आकडा लिहायचा, सगळ्यात छोटा आकडा तो गटाचा अंदाज. नियमित व्यवहारी अपूर्णांकांपेक्षा हे शिकणं मला मोठं वाटतं.

जोडीला : राज्यात २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन योजना सुरू झाली तेव्हा थाळी १० रुपयांना होती. शहरात थाळीची किंमत ५० धरली होती, ग्रामीण भागात ३५. उरलेले पैसे कोण देतं आणि ते कुठून येतात? शेकडेवारी काढा आणि मग करांच्या धड्याकडे वळा.

शनिवार सकाळ : प्रत्यक्ष भेट

- मालकांशी आधी बोलून ठेवा. गर्दीची वेळ टाळा, सकाळी दहा-साडेदहा बरी.
- भट्टीपासून अंतर ठेवा. शेंगदाणे, दूध, अंडं यांची अ‍ॅलर्जी कुणाला आहे, हे पालकांकडून लेखी घ्या.
- खर्च शाळेच्या किंवा वर्गाच्या निधीतून करता आला तर उत्तम. नाहीतर चिठ्ठीचा छोटा आकडा हीच मर्यादा.
- ऑर्डर मुलांनीच द्यायची. वेटरला 'दादा', 'काका' म्हणून, डोळ्यांत बघून. फडकं मारणाऱ्या माणसाचेही आभार मानायचे.
- फोटो काढायचा तर आधी विचारायचं.

एक गोष्ट मनाची तयारी करून ठेवावी अशी. कधीकधी मुलांना आपल्याच वयाचं मूल टेबल पुसताना दिसतं. ढाबे, हॉटेलं, चहाची दुकानं यांत १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सगळ्याच कामांना लागू झाली. (शाळा सांभाळून घरच्या व्यवसायात मदत करायला मात्र मुभा आहे.) मुलांनी तिथे आरडाओरडा करायचा नाही, पण शिक्षकांना सांगायचं. मोठ्यांनी चौकशी करून गरज पडली तर १०९८ वर कळवायचं. "तो शाळेत का येत नाही?" हा प्रश्न वर्गात आला, तर टाळू नका.

लेखन आणि मूल्यमापन

आता निबंध द्या, पण तीन अटींवर. 'खूप मजा आली' आणि 'चविष्ट' हे शब्द वापरायचे नाहीत. एक तरी वास, एक आवाज आणि एक आकडा हवा. आणि तिथे काम करणाऱ्या एका माणसाचं एक वाक्य, त्याच्याच बोलीत, जसंच्या तसं. 'काउंटरवरचे काका खूप चांगले होते' याऐवजी मुलं लिहितात, 'काका सुट्टे पैसे बोटाने न बघता मोजत होते.' असं वाक्य लिहिणारं मूल बघायला शिकलं, असं समजा.

गुण देताना शुद्धलेखनाइतकंच वजन निरीक्षणाला द्या. गटाने कुणालाही मागे न ठेवता भेट पूर्ण केली का, हेही नोंदवा. पालकांनी घरी एवढंच करावं : पुढच्या वेळी बाहेर जेवायला गेलात की बिल मुलाच्या हातात द्या आणि त्याला ते सावकाश वाचू द्या.

आपल्या गावात कुठली जुनी बेकरी किंवा खानावळ अजून चालू आहे, तिथल्या पाटीवर काय लिहिलं आहे, हे मुलांकडून लिहून घ्या आणि वर्गाच्या भिंतीवर लावा. पुढच्या वर्षीचा वर्ग तिथूनच सुरुवात करेल.