आमच्या ओट्यावरून पाहिलेले चंद्रग्रहण



चंद्रग्रहणाची आकृती आपण सर्वांनी वहीत काढली आहे. मीही काढली होती आणि रंगही भरले होते. पण ७ सप्टेंबर २०२५, रविवारी रात्री खरे ग्रहण लागले तेव्हा आमच्या घरात असा प्रसंग आला की, मला ते पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावे लागले. तेच येथे लिहिते.

आमची वस्ती भीमा नदीच्या अलीकडे, शिरूर तालुक्यात आहे. पलीकडचा काठ दौंड तालुक्यातला. माझी ताई पलीकडे दिली आहे. सातवा महिना म्हणून ती माहेरी आली होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीला गणपती पोचवून आलो आणि आजीने लगेच सांगून टाकले, "उद्या गिराण हाय. पोरीनं दुपारपासनं काय खायाचं न्हाय, पाणी बी न्हाय. इळीला हात लावायचा न्हाय आन् भायेर तर अजिबात यायचं न्हाय." पलीकडून ताईच्या सासूबाईंचाही फोन आला. त्यांनीही तेच सांगितले.

ताई सकाळी ११ वाजता जेवली. ग्रहण सुटणार होते रात्री १ वाजून २६ मिनिटांनी. मी बोटांवर हिशेब केला. जवळजवळ साडेचौदा तास! आम्ही एकादशीलासुद्धा खिचडी खातो.

दिवेलागणीला ताई उठायला गेली आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आईने धरली म्हणून बरे. मी पळत जाऊन आशाताईंना बोलावून आणले. त्यांनी आधी पाणी पाजले, मग विचारले, "कधीपासून उपाशी आहे ही?" कोणीच बोलेना. शेवटी आजीच म्हणाली, "म्याच सांगितलं व्हतं." आशाताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातूनच सगळं मिळतं. ती उपाशी राहिली की त्याचेपण हाल. चंद्रावर सावली पडली तर बाळाला काय व्हायचंय?" आजी उठली, दुधात भाकरी कुस्करली आणि वाटी ताईपुढे ठेवली. एवढेच म्हणाली, "लेकराला आन् आजारी माणसाला सूट असतीच."

आता ही सावली काय आहे ते सांगते. ग्रहणाच्या आधी गुरुजींनी आम्हाला मैदानात एक प्रयोग करून दाखवला होता. सकाळचे कोवळे ऊन पडले होते. एका काठीवर सोललेला नारळ बसवला, साधारण १२ सेंटीमीटर जाडीचा. ही पृथ्वी. मग एक लहानसे लिंबू घेतले, सव्वातीन सेंटीमीटरचे. हा चंद्र. कारण पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आणि चंद्राचा ३,४७४, म्हणजे पाव हिश्शापेक्षा थोडा जास्त. मग गुरुजींनी विचारले, "लिंबू नारळापासून किती लांब धरायचं?" कोणी म्हणाले वीतभर, कोणी म्हणाले हातभर. आकृतीत तसेच असते ना! पण चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर लांब आहे. म्हणजे तीस नारळ ओळीने मांडावेत एवढे, १२ फूट! पुस्तकाच्या पानावर ते मावत नाही, म्हणून आकृतीत जवळ काढतात. हे कळल्यावर मला माझी रंगवलेली आकृती फार आवडेनाशी झाली.

आम्ही सूर्याकडे पाठ करून उभे राहिलो आणि काडीला खोचलेले लिंबू १२ फुटांवर नारळाच्या सावलीत नेले. तिथे दाट सावली नारळापेक्षा लहान झाली होती आणि तिच्या कडेने एक विरळ सावली होती. खऱ्या ग्रहणातही अशा दोन सावल्या असतात. विरळ सावलीत चंद्र शिरला तर तो नुसता थोडा मळकट दिसतो. दाट सावलीत शिरू लागला की कडेने खाल्ल्यासारखा दिसतो.

मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही? कारण चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. आमच्या प्रयोगात याचा अर्थ असा की, लिंबू सावलीच्या फूटभर वरून किंवा फूटभर खालूनही जाऊ शकते. ते बहुतेक वेळा सावली चुकवतेच. दोन्ही वाटा जिथे एकमेकींना छेदतात त्या दोन बिंदूंना राहू आणि केतू म्हणतात. पौर्णिमेचा चंद्र त्यांच्याजवळ असला तरच ग्रहण. आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये 'आर्यभटीय' लिहिले. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो म्हणून ग्रहण होते, हे त्यात आहेच.

त्या रात्री आम्ही ओट्यावर बसलो. शेताच्या बांधावरून छान दिसले असते, पण आमच्याकडे उसात बिबट्या आहे आणि पावसाळ्यात साप निघतात. म्हणून सर्वांना सांगते, चंद्रग्रहणात डोळ्यांना काहीही धोका नसतो. धोका असतो तो पायाखाली आणि उसाच्या कडेला. एकटे जाऊ नका, लहान मुलांना मध्ये बसवा आणि ओट्यावरचा दिवा चालू ठेवा. चंद्र बघायला काळोख लागत नाही.

डोळ्यांचे म्हणाल तर पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पटीने मंद असतो. ग्रहणात तो आणखी मंद होतो. दुर्बिणीतूनही बघावा. सूर्यग्रहणाची गोष्ट अगदी वेगळी. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. तेव्हा नुसत्या डोळ्यांनी, एक्स-रेच्या फिल्ममधून किंवा काजळी धरलेल्या काचेतून सूर्याकडे मुळीच बघू नका. त्यासाठी खास चष्मा लागतो.

रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी चंद्राची खालची डावी कड काळवंडली. ढग सारखे आडवे येत होते. ११ वाजता पूर्ण ग्रहण लागले तेव्हा तर काहीच दिसेना. धाकटा भाऊ रडकुंडीला आला. सव्वाअकराला एकदम ढग फाटले आणि चंद्र दिसला, तांब्याच्या हंड्यासारखा लाल! नारळाच्या सावलीतले लिंबू लाल झाले नव्हते, कारण नारळाभोवती हवा नसते. म्हणजे पृथ्वीसारखे वातावरण. आपल्या वातावरणातून सूर्यप्रकाश वाकून सावलीत जातो. वाटेत निळा रंग विखुरतो, तांबडा पुढे पोचतो. मावळतीला आभाळ लाल होते तोच रंग. पूर्ण ग्रहण १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत होते.

ताईसुद्धा बाहेर आली होती. तिने पोटावर हात ठेवून बराच वेळ बघितले. आजी आत जप करीत राहिली आणि दीड वाजता तिने अंघोळ केली. तिला कोणी अडवले नाही. गार पाण्याने मात्र करू दिली नाही.

नोव्हेंबरमध्ये मला भाचा झाला. आजीने दिव्याखाली त्याचे ओठ आणि कान नीट पाहिले. सगळे चांगले आहे. मी ऐटीत शाळेत सांगितले, तर गुरुजी म्हणाले, "एका बाळावरून काही सिद्ध होत नाही." मग मी आशाताईंना विचारले. त्या म्हणाल्या की, बाळाचा ओठ पहिल्या दोन महिन्यांतच जुळून येतो. जुळलेला ओठ सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने कसा फाटेल? पण गरोदरपणी मिश्री लावली तर बाळाला खरोखर त्रास होतो. हे ऐकून माझ्या दोन काकू एकमेकींकडे बघू लागल्या.

असे सबंध खग्रास चंद्रग्रहण आपल्याकडे पुन्हा दिसेल ते ३१ डिसेंबर २०२८ ला, रविवारी. रात्री पावणेदहा ते अकराच्या सुमारास चंद्र पूर्ण सावलीत असेल. थंडीचे दिवस, म्हणजे ढगांची भीती कमी. मी तेव्हा दहावीत असेन आणि भाचा तीन वर्षांचा. आजीने ती तारीख मला खडूने दाराच्या मागे लिहायला लावली आहे.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी